एका अंशाची पायरी

गेवराई तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी विहिरीसाठी नवा मोनोब्लॉक पंप मागवला. दुकानात जाऊन नव्हे, मोबाइलच्या पडद्यावर पाहून. पडद्यावरच्या पंपावर बोट ठेवून ते डावीकडे किंवा उजवीकडे सरकवले की पंप जागच्या जागी गोल फिरत असे. पाणी ओढण्याचे तोंड, पाणी फेकण्याचे तोंड, मागची पंख्याची जाळी, वायरींचा डबा, सारे एकामागून एक समोर येई. भाऊ खूश झाला आणि त्याने पैसे भरले. पंप घरी आला तेव्हा मात्र त्याच्या पायाची भोके जुन्या काँक्रीटच्या ओट्यातल्या बोल्टांशी जुळेनात.

"ताई, मी तर चारी बाजूंनी फिरवून पाहिला होता," तो फोनवर म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. त्याने चारी बाजू पाहिल्या होत्या. पण वस्तूला बाजू सहा असतात. ते चित्र वर-खाली वळतच नव्हते. पुढे त्याने विचारले, "या लोकांनी पंपाभोवती गोल फिरून फोटो काढले असतील ना?"

हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात विचारण्याजोगा आहे, म्हणून त्याचे उत्तर शोधताना मी काय केले ते सांगते. ते चित्र मी माझ्या मोबाइलवर उघडले आणि बोट अगदी मुंगीच्या गतीने सरकवले. पंप सलग फिरत नव्हता. बारीक झटके घेत फिरत होता. पूर्ण फेरीत छत्तीस झटके मोजले. म्हणजे तेथे छत्तीस वेगवेगळी चित्रे होती, प्रत्येक दहा अंशांच्या अंतराने घेतलेली. बोट किती सरकले ते मोजायचे आणि त्या प्रमाणात पुढच्या क्रमांकाचे चित्र दाखवायचे, एवढेच काम पडद्यामागे चालले होते. पंप फिरत नव्हता, चित्रांची चळत पालटली जात होती. वहीच्या कोपऱ्यात थोडी थोडी बदलणारी चित्रे काढून पाने फर्रकन सोडण्याचा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. येथे अंगठ्याच्या जागी बोट आले इतकेच.

पण ते फोटोही नव्हते. ओतीव लोखंडाच्या पंपावर वाळूच्या साच्याची खरखरीत खूण असते, रंगाखालीही ती लपत नाही. या चित्रांत ती नव्हती. एक ओरखडा नव्हता, बोटाचा डाग नव्हता, सावली तर कंपासने आखल्यासारखी. चित्रातला पंप कोणी कधी हातात धरलेला नव्हता. तो संगणकात आखलेला होता. हल्ली कारखान्यात एखादा भाग ओतण्यापूर्वी त्याचा आराखडा संगणकावर तयार होतो, त्याला 'कॅड' म्हणतात. त्या आराखड्याला रंग आणि प्रकाश देऊन, दर दहा अंशांनी वळवून, छत्तीस चित्रे काढून घेतली होती. ती साऱ्या बाजूंनी काढता आली असती. कोणीतरी एकाच उंचीवरून एक फेरी पुरे असे ठरवले होते.

मग खरा प्रश्न असा की संगणक दहा अंश वळवतो म्हणजे नेमके काय करतो?

संगणकाला पंप ठाऊक नसतो, बिंदू ठाऊक असतात. पंपाच्या पृष्ठभागाचे हजारो लहान त्रिकोण पाडलेले असतात आणि प्रत्येक त्रिकोणाच्या कोपऱ्याचे तीन आकडे नोंदलेले असतात : आडवे अंतर, उभे अंतर आणि खोली. वस्तू उभ्या अक्षाभोवती फिरली तर कोणत्याही बिंदूची उंची बदलत नाही. बदलतात ती उरलेली दोन अंतरे. वरून पाहिले तर प्रत्येक बिंदू अक्षाभोवतीच्या आपापल्या वर्तुळावर पुढे सरकतो. वर्तुळाची त्रिज्या घेऊन पाहिले तर बिंदूची ही दोन अंतरे म्हणजे आपल्या ओळखीच्या ज्या आणि कोटिज्या. तेव्हा सारा प्रश्न एवढ्यावर येतो : एका कोनाची ज्या आणि कोटिज्या माहीत असताना थोड्या पुढच्या कोनाची ज्या काढायची कशी?

या प्रश्नाचे एक फार सुरेख उत्तर भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आहे, आणि येथे बीडची आठवण काढणे भाग आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा, आणि हा ग्रंथ ११५० चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. हे विज्जडविड म्हणजे आमचे बीड, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. बालाघाटाचे डोंगर हा सह्याद्रीचाच फाटा, असा दाखलाही देतात. दुसरा पक्ष चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतो. तेथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे; १२०७ च्या सुमाराचा हा लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचे पारडे जड आहे, हे बीडची असूनही मला मान्य करावे लागते. तथापि सूत्राला गाव नसते.

'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायाशी जोडलेले 'ज्योत्पत्ति' नावाचे एक छोटे प्रकरण आहे. ज्या कशा उत्पन्न कराव्यात हा त्याचा विषय. दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम त्यात दिले आहेत. आज अकरावीची मुले जे सूत्र घोकतात तेच हे. त्या नियमाचा वापर करून भास्कराचार्य एका-एका अंशाची पायरी बांधतात. त्यांची कृती आपल्या लिपीत अशी मांडता येईल :

नवी ज्या = जुनी ज्या × (१ − १/६५६९) + जुनी कोटिज्या × १०/५७३

करून पाहू. त्रिज्या त्या काळच्या रीतीप्रमाणे ३४३८ घेतली तर तीस अंशांची ज्या १७१९ आणि कोटिज्या सुमारे २९७७.४. आता १७१९ मधून तिचा ६५६९ वा भाग, म्हणजे ०.२६, वजा केला, राहिले १७१८.७४. कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागले, आले ५१.९६. बेरीज १७७०.७०. आधुनिक कोष्टकावरून एकतीस अंशांची ज्या काढली तरी ३४३८ च्या त्रिज्येला १७७०.७० च येते. वर्गात फळ्यावर ही रीत पाच मिनिटांत होते. ६५६९ आणि ५७३ हे चमत्कारिक आकडे आले कोठून, असे एखादा विद्यार्थी विचारीलच. पहिला कंस म्हणजे एका अंशाची कोटिज्या आणि दुसरा अपूर्णांक म्हणजे एका अंशाची ज्या, दोन्ही त्रिज्येने भागलेल्या. त्यांना सोप्या भागाकाराचे रूप दिलेले आहे.

हीच दोन संख्या कोटिज्येलाही लावता येतात, फक्त बेरजेच्या जागी वजाबाकी येते. मग बिंदूची दोन्ही अंतरे एका अंशाने पुढे सरकतात, म्हणजेच बिंदू एक अंश फिरतो. मला उत्सुकता होती की या आठशे सत्तर वर्षांच्या जुन्या आकड्यांनी एखादी वस्तू पडद्यावर खरोखर फिरवली तर काय होईल. म्हणून मी ते करून पाहिले. एक बिंदू घेऊन त्याला या रीतीने ३६० पायऱ्या चढायला लावले. पूर्ण फेरीनंतर तो निघाल्या जागेपासून अर्ध्या कलेने, म्हणजे एका अंशाच्या सुमारे एकशेविसाव्या भागाने, मागे राहिला. अक्षापासूनचे अंतर सुमारे चाळीस हजारांत एक इतके वाढले. पडद्यावर पाचशे ठिपके त्रिज्येचे चित्र असेल तर ही चूक एका ठिपक्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. डोळ्याला ती दिसणार नाही.

येथे एक सावधगिरी घ्यायला हवी. यावरून 'संगणकीय चित्रे आमच्याकडे बाराव्या शतकात होती' असा निष्कर्ष कोणी काढू नये. शाळेच्या भाषणात तो ऐकू आला तर थांबवावा. भास्कराचार्यांना पंप फिरवायचा नव्हता, ग्रहांची स्थाने काढण्यासाठी ज्यांचे बारीक कोष्टक हवे होते. शिवाय बेरजेचा नियम जगात प्रथम त्यांनीच दिला असेही नाही. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात जीवांच्या भाषेत तोच नियम वापरला होता आणि दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफाने तो ज्यांच्या भाषेत सिद्ध केला. आपल्याकडे त्याच्या सिद्धता देणाऱ्यांत कमलाकर आहे, ज्याचा 'सिद्धान्ततत्त्वविवेक' १६५८ मध्ये काशीत पुरा झाला. त्याचे घराणे मूळचे गोदाकाठच्या गोलग्रामचे, पाथरीच्या बाजूचे. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. मला कौतुक वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मागच्या पायरीवरून पुढची पायरी काढावी, दर वेळी नव्याने सुरुवात करू नये, आणि त्यासाठी लागणारे गुणक हाताने हिशेब करणाऱ्याला पेलतील असे असावेत, ही दृष्टी संगणकाला काम सांगणाऱ्या माणसाची आहे. सुरुवातीच्या संगणकांवर वर्तुळे काढणाऱ्यांनीही पायरीवरून पायरीची हीच युक्ती वापरली, कारण त्या यंत्रांनाही ज्या-कोटिज्या नव्याने काढणे महाग पडत असे. पुढे तिचा दोषही ध्यानात आला. पायरीची चूक पुढच्या पायरीत जाते आणि हजार फेऱ्यांनंतर वस्तू फुगते किंवा आक्रसते. म्हणून आता मूळ बिंदू जपून ठेवतात आणि एकूण कोन घेऊन दर वेळी मुळापासून हिशेब करतात. यंत्रे वेगवान झाल्याने ते परवडते.

फिरवणे जमले तरी चित्र तयार होत नाही. फिरवलेले बिंदू सपाट पडद्यावर उतरवावे लागतात, आणि याचा इतिहास निराळा आहे. फ्रान्समध्ये गास्पार मोंझ याने अठराव्या शतकात एकाच वस्तूची समोरून, वरून व बाजूने अशी सपाट चित्रे काढून तिच्या आकाराचा नेमका बोध करून देणारे शास्त्र रचले. लष्करी शाळेत जन्मलेले हे शास्त्र बरीच वर्षे गुपित होते. १७९५ मध्ये मोंझने त्यावर उघड व्याख्याने दिली आणि १७९९ मध्ये पुस्तक निघाले. आयटीआयमध्ये आणि तंत्रनिकेतनात शिकवतात ते यंत्ररेखन हे त्याचेच वंशज. त्यात माप बिनचूक असते, पण तीन चित्रे मनात जोडून वस्तू उभी करण्याचे काम पाहणाऱ्यावर असते. ते ज्यांना जमत नाही त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. माझ्याच वर्गातला, चालू मोटार सुटी करून पुन्हा जोडणारा एक मुलगा यंत्ररेखनात दोनदा नापास झाला होता.

हे जोडकाम यंत्राकडे सोपवण्याची सुरुवात १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये झाली. आयव्हन सदरलँडने त्या वर्षी 'स्केचपॅड' दाखवले. त्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर सरळ आकृती काढता येई. टिमथी जॉन्सनने लगोलग तिसरी मिती आणली. त्याने पडद्याचे चार भाग केले, तिघांत मोंझच्या पद्धतीची तीन चित्रे आणि चौथ्यात डोळ्याला दिसते तसे चित्र. एकात रेघ ओढली की चारही बदलत. लॉरेन्स रॉबर्ट्सने त्याच वर्षी मागे झाकल्या जाणाऱ्या रेघा ओळखून गाळण्याची रीत दिली. पडद्याचे आकर्षण आपल्याकडेही होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० मध्ये चालू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाला आलेख दाखवणारी ऋणकिरण नलिका जोडलेली होती.

नुसत्या रेघांच्या पिंजऱ्याला कातडे चढवले ते मोटारगाड्यांच्या कारखान्यांनी आणि युटा विद्यापीठाने. सिट्रोएनमध्ये द कास्टेल्जो आणि रेनोमध्ये बेझिए यांनी गाडीच्या वळणदार पत्र्याला गणितात बांधण्याच्या रीती शोधल्या. युटात आंरी गूरो याने १९७१ मध्ये आणि फाँग याने पुढच्या तीन-चार वर्षांत, त्रिकोणांच्या कडा लपवून पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत दाखवण्याच्या रीती दिल्या. तेथेच १९७५ मध्ये मार्टिन न्यूएलने घरातली चहाची किटली नमुना म्हणून आकड्यांत उतरवली. तोटी, कान, झाकण आणि पोट असलेली ही किटली कोणत्याही बाजूने ओळखू येते, पण कोणतीही एक बाजू तिचे सगळे सांगत नाही. फिरवून पाहण्यासाठी याहून चांगली वस्तू कोणती?

अडचण वेळेची होती. असे एक चित्र काढायला यंत्राला बराच वेळ लागे; बोटासरशी फिरणे दूरच. त्यातून एक व्यवहारी तोड निघाली : चित्रे आधीच काढून ठेवा आणि पाहणाऱ्याला नुसती पालटू द्या. ऍपल कंपनीच्या 'क्विकटाइम व्हीआर'ने ही तोड घराघरांतल्या संगणकांवर आणली आणि १९९५ मध्ये एरिक चेनने तिच्यावर शोधनिबंध वाचला. तिचा मोठा गुण हा की वस्तू कितीही गुंतागुंतीची असो, चित्र पालटायला तेवढाच वेळ लागतो. नक्षीदार देवळाला आणि विटेला श्रम सारखेच. दोष असा की चित्रांची संख्या भराभर वाढते. एका फेरीला छत्तीस, पण वरून-खालूनही पाहायचे तर अशा सात फेऱ्या हव्यात, म्हणजे दोनशे बावन्न चित्रे. मग कोणीतरी काटकसर करतो आणि एकच फेरी ठेवतो. २०११ पासून, 'वेबजीएल' नावाची सोय आल्यावर, बिंदूच मोबाइलकडे पाठवून जागच्या जागी हवे ते चित्र काढणे शक्य झाले. तरीही चित्रांची चळत मागे पडलेली नाही. साध्या मोबाइलवर ती चालते, आणि कारखानदाराला आपल्या यंत्राचे बिंदू जगाला वाटायचे नसतात. चळतीतून पंपाचे रूप मिळते, माप मिळत नाही.

बिंदू हाती असले तरी बोट तिरके फिरले की नवा पेच येतो. पुस्तक टेबलावर ठेवून आधी उभ्या आणि मग आडव्या अक्षाभोवती पाव फेरी द्या. नंतर क्रम उलटा करून पाहा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत थांबते. बेरजेत क्रम बदलला तरी चालते, फिरवण्यात चालत नाही. यासाठी हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेल्या चार घटकांच्या संख्या कामी येतात. केन शूमेकने १९८५ मध्ये त्या संगणकीय चित्रांत रुळवल्या.

बीडला गेले की मी कंकालेश्वराला जाते. चौकोनी कुंडाच्या मधोमध काळ्या दगडाचे हे मंदिर उभे आहे. ते यादवकाळातले असावे असे मानतात. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. कुंडाच्या काठाने चालत गेले की मंदिर पाण्यावर हळूहळू वळते आहे असे वाटते. जवळचे खांब भराभर सरकतात, मागचे सावकाश, आणि एक क्षण असा येतो की दोन खांब एकमेकांमागे लपतात. आपण वस्तूभोवती फिरलो काय आणि वस्तू आपल्यापुढे फिरली काय, आकाराच्या दृष्टीने एकच. प्रकाशाच्या दृष्टीने मात्र नाही. सकाळी पूर्वेची भिंत उजळलेली असते, आणि फिरत फिरत पश्चिमेला आले की अंधारी बाजू समोर येते. भावाच्या पंपाचे तसे नव्हते. तो कसाही फिरवला तरी चकाकी डाव्या खांद्यावरच राही. म्हणजे दिवा आणि डोळा स्थिर ठेवून पंप फिरवला होता.

हे मुलांना दाखवण्यासाठी पोळपाट पुरतो. त्याच्या कडेला खडूने छत्तीस खुणा करा, मधोमध कंपासपेटी ठेवा, मोबाइल विटांवर पक्का बसवा आणि खिडकीच्या उजेडात एकेका खुणेला पोळपाट वळवून फोटो घ्या. मग उलटे करा : पोळपाट स्थिर, मोबाइल घेऊन मुलगा भोवती फिरतो. दोन्ही चळती भराभर पालटून कोणती कशी काढली ते इतरांना ओळखायला सांगा. सातवीच्या एका वर्गात मी हे केले. बहुतेकांनी सावलीवरून ओळखले. एका मुलीने खिडकीचा गज चकाकीत सरकतो की नाही ते पाहिले.

पंपाचे पुढे असे झाले. मी विक्रेत्याला कळवून पायाचे चित्र मागितले. चार दिवसांनी एक साधा कागद मोबाइलवर आला. काळ्या रेघांत समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे, बोल्टच्या भोकांमधली अंतरे मिलिमीटरमध्ये लिहिलेली. दोनशे वर्षांपूर्वीची मोंझची रीत. भावाने टेप लावून ओटा मोजला. दोन बोल्ट चालणार होते, दोन कापून नव्याने बसवावे लागणार होते. गवंड्याला त्याने तोच कागद दाखवला.